दोन पायऱ्या

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, यंदा श्रावणाच्या मध्यापासून सहा आठवडे हे सदर दिसले नाही. त्या जागी संपादकांनी 'लेखकाची प्रकृती अस्वस्थ असल्यामुळे' अशी एक ओळ छापली होती. 'प्रकृती' हा शब्द मराठीत फार उपकारी आहे. त्याच्या पदराखाली काहीही झाकता येते. पण दिवाळीच्या तोंडावर खोटे बोलू नये. प्रकृती माझी ठणठणीत होती. पाय मोडला होता.

आता पाय मोडण्यात लपवण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. सांगतो. याच पानावर मी प्रबळगडाच्या चढणीविषयी दोनदा आणि इर्शाळगडाच्या नेढ्याविषयी एकदा लिहिले आहे, आणि त्या लेखांतून शहरी गुडघ्यांची मनसोक्त थट्टाही केली आहे. असा मी पडलो कुठे? तर स्वतःच्या घराच्या ओट्यावरून. ओट्याला पायऱ्या दोन. दोन्ही मिळून उंची सव्वा फूट भरेल की नाही, शंका आहे.

मी चौकला राहतो. हे वाक्य मुंबईत उच्चारले की समोरचा हमखास विचारतो, "कुठल्या चौकात?" म्हणून एकदाच सांगून टाकतो, की चौक हे गावाचे नाव आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पनवेल आणि खोपोली यांच्या मध्ये, खालापूर तालुक्यात. पाऊस आमच्याकडे हातचे राखून पडत नाही. श्रावणापर्यंत काळ्या दगडाच्या पायरीवर शेवाळाची अशी मखमल चढते की पाहणाऱ्याला कविता सुचावी. मला सुचली नाही. माझ्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात द्वितीय वर्षाच्या चाचणीचे पेपर. दोहोंपैकी काहीही सोडले असते तर खांब धरता आला असता. मी काहीच सोडले नाही. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो आवाज माझ्यातून आला आहे हे कळायला एक क्षण गेला. डावी नडगी मधोमध वाकली होती. पाऊल भलतीकडेच, तुळशीवृंदावनाकडे तोंड करून पडले होते.

सौभाग्यवती पिठाच्या हातांनी धावत आल्या. मुलीने १०८ ला फोन लावला. शेजारीपाजारी जमले आणि "हलू नका, हलू नका" असे ओरडून स्वतः भरपूर हलू लागले. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत आले आणि ओल्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पायाकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. असा पाय त्यांनी पूर्वी पाहिला होता. तो त्यांचाच होता.

१९८६ चा मे महिना. मी तेव्हा दुसरीतून तिसरीत गेलो होतो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. पावसाआधी घर शाकारायला म्हणून छपरावर चढले आणि कौलांसकट खाली आले. मोडली ती डावीच नडगी. चौकला त्या काळी रेल्वे नव्हती. कोणी म्हणाले, पुण्याला डॉक्टर संचेतींकडे न्या. हाडांचे दुखणे निघाले की तेव्हाही लोक तेच नाव घेत. पण मोडक्या पायाने बोरघाट चढायचा, वर ऑपरेशन म्हणजे कापाकापी, आणि पैसे कुठून आणायचे? आजोबांनी निकाल दिला : हाडवैद्य.

वैद्याने पाय ओढून सरळ केला, कांडवेलीचा लेप दिला, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेली फडकी गुंडाळली आणि वर बांबूच्या कांबी बांधल्या. हसू नका. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि बांधायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सांगितला आहे. यातले बहुतेक सगळे आमच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे आहे. मोडलेला पाय हलू नये म्हणून रोग्याला फळीवर निजवून खुंट्या ठोकाव्यात, असेही सुश्रुत सांगतो. यातले तत्त्व मुळीच चुकीचे नाही. हाड वैद्य जोडत नाही, डॉक्टरही जोडत नाही. हाड आपले आपणच जुळते. मोडल्या जागी रक्त साकळते, त्याचे मऊ सांधण होते, मग त्यात चुना भरून ते टणक होते. माणसाने करायचे एवढेच, की तोवर दोन्ही टोके समोरासमोर सरळ धरून ठेवायची. अडते ते इथेच. पायाचे स्नायू रबरासारखे ओढत असतात, आणि तिरकी मोडलेली टोके हळूच एकमेकांवर चढतात. तीन महिन्यांनी कांबी सोडल्या तेव्हा अण्णांचे हाड पक्के जुळले होते. पाय मात्र इंचभर आखूड झाला होता.

तो इंच आमच्या घरात कायमचा राहायला आला. बाजारातल्या मोच्याने अण्णांच्या डाव्या चपलेला एक थर जास्त लावून दिला. दारात चपला सुटलेल्या असत, एक जाड, एक पातळ. चालताना एक टप् आणि एक धप् असा आवाज होई. शाळेतल्या पोरांनी त्यावरून त्यांचे नाव ठेवले होते, ते मी इथे लिहिणार नाही. सातवीत असताना मला पनवेलला वक्तृत्वाचे बक्षीस मिळाले. पालकांनी समारंभाला यावे असे पत्र आले होते. मी अण्णांना म्हणालो, "तुम्ही नका येऊ. गर्दी असते, उभं राहावं लागतं." अण्णा म्हणाले, "बरं." मी काकांबरोबर गेलो. हे मी आजवर कोणालाही, घरातसुद्धा, सांगितलेले नव्हते.

असो. चौकच्या ग्रामीण रुग्णालयात माझ्या पायाला फळी बांधली, सलाईन लावले आणि तिथून पनवेलच्या एका इस्पितळात रवानगी झाली. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे निघाले. "सर, आत रॉड घालू," असे ते ज्या सहजतेने म्हणाले, त्या सहजतेने आम्ही परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण घालतो. संमतिपत्र मराठीत होते. त्यात 'मृत्यु' ऱ्हस्व होता. माझा हात सवयीने तांबड्या पेनाकडे गेला, मग निळ्याने सही केली.

कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन झाले. ही युक्ती १८९८ साली जर्मनीत किएल येथे ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जनने काढली. रोग्यांवर केल्यावर त्याने आणि त्याच्या सहायकाने ती एकमेकांवर करून पाहायचे ठरवले. बिअरवरचा प्रयोग फसला, सहायकावरचा साधला. तो साधला की नाही हे ठरवण्यासाठी बिअरने त्या बिचाऱ्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी हाणून पाहिली. काही कळले नाही! दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी मात्र सडकून दुखली. मला हे ठाऊक होते, त्यामुळे टेबलावर पडल्यापडल्या माझे लक्ष हातोडीकडेच होते. आणि खरोखर हातोडी होती. पडद्याच्या पलीकडे कोणीतरी भोके पाडीत होते, कोणीतरी ठोकत होते, एकजण "नऊ बाय तीनशेचाळीस द्या" म्हणाला. सुताराच्या दुकानात दरवाजाची चौकट बसवावी तसा तो सारा प्रकार. सगळे टेबल हादरत होते. दुखत काहीच नव्हते. आपल्याच घरात शेजाऱ्याचे काम चालले आहे असे वाटत होते.

भीती वाटली ती नंतर. वॉर्डात आणल्यावर नर्सबाईंनी सांगितले, "बोटं हलवा." मी हलवली. त्या म्हणाल्या, "हलवा ना." मी म्हटले, हलवतोच आहे. त्या म्हणाल्या, "हलत नाहीयेत." बधिरपणा उतरायला वेळ लागतो, हे मला तीन वेळा बजावलेले होते, पण त्या क्षणी ते ज्ञान कुठच्या कुठे पळाले. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत पडून राहिलो. आमच्या भाषेने पायावर केवढा संसार थाटला आहे! पाया, पायरी, पायंडा, पायमल्ली. आणि वीस वर्षे मी वर्गात 'स्वतःच्या पायावर उभे राहणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करून शिकवतो आहे. त्या संध्याकाळी माझी सगळी विद्या एका अंगठ्यात गोळा झाली होती आणि अंगठा हलत नव्हता. दिवेलागणीनंतर तो हलला. किती? तांदळाच्या दाण्याएवढा. मी ओरडलो. नर्सबाई म्हणाल्या, "हं, छान," आणि कागदावर खूण करून पुढच्या खाटेकडे गेल्या.

पुढच्या खाटेवर एक ठाकर म्हातारा होता. मांडीचे हाड मोडलेले. आमच्याच भागातल्या डोंगरावरच्या वाडीतला. वाडीला रस्ता नाही. चौघांनी त्याला झोळीत घालून, खांदे बदलत, दोन तासांनी खाली गाडीपर्यंत आणला होता. आमच्याकडचे हे चित्र नवे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला निघालेल्या माणसांनाही अंधारात, पावसात, पायीच चढावे लागले होते. इर्शाळगडाच्या नेढ्यावर लेख लिहिणाऱ्या मला त्यानंतर त्या डोंगराबद्दल काही लिहावेसे वाटलेले नाही. म्हाताऱ्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "चढता कधी येल?" मी त्याच्या आधी डॉक्टरांना विचारले होते, रजेच्या अर्जासाठी प्रमाणपत्र कधी मिळेल. प्रश्नांतला हा फरक मला रात्रभर टोचत राहिला. अर्थात रात्रभर टोचणारे दुसरेही पुष्कळ होते. बधिरपणा उतरल्यावरचे दुखणे कसे असते याचे वर्णन करायचा मोह आवरतो. दिवाळी अंक आहे, घरात फराळ चालू असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण मुलगी वॉकर घेऊन आली आणि म्हणाली, "चला, उभं राहायचं." मला वाटले, खाट चुकली असेल. अण्णा नुकतेच पहिल्या गाडीने आले होते. तेही चमकले. तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. अण्णांनी विचारले, "लगेच? मी तीन महिने निजून होतो."

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत गेलेली सरळ पांढरी दांडी, वर दोन आडवे स्क्रू, खाली दोन. "हे बघा आजोबा, भार दांडी घेते. उलट थोडा भार पडला तर हाड लवकर धरतं. आणि हे चार स्क्रू आहेत ना, त्यांच्यामुळे हाड फिरत नाही, खाली सरकत नाही."

"म्हणजे आखूड होणार नाही?"

"नाही."

अण्णांनी तो एक्स-रे आपल्या हातात घेतला. चष्मा वर करून पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाले, "हे कधीपासून निघालं?"

डॉक्टरांना आजोबांच्या जिज्ञासेचे कौतुक वाटले. त्यांनी उत्साहाने सांगितले, की दांडी तशी जुनी. १९३९ साली किएलच्याच क्युन्शर नावाच्या सर्जनने ती प्रथम घातली. महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून गेलेल्या सैनिकांचे एक्स-रे काढले तेव्हा मांडीत ही लांबलचक सळई पाहून त्यांच्या देशातले डॉक्टर चक्रावून गेले होते. आडव्या स्क्रूंची पद्धत मात्र नंतरची, १९७० च्या पुढे युरोपात रुळली.

"म्हणजे शहाऐंशी साली होतं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या पायाकडे, मग चपलेकडे पाहिले आणि ते एकदम गप्प झाले. "होतं, पण आपल्याकडे..." एवढेच म्हणाले.

"नाही, सहज विचारलं," अण्णा म्हणाले, आणि एक्स-रे पाकिटात नीट घालून ठेवला.

त्यानंतर उद्या उठतो म्हणण्याची माझी छाती झाली नाही. वॉकर धरला, उजव्या पायावर उठलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले, घाम फुटला. डावे पाऊल जमिनीपासून चार बोटे वर अधांतरी. "टेकवा सर," ती मुलगी म्हणाली. विटेवर इतका काळ उभ्या असलेल्या विठोबाचे मला त्या वेळी प्रथमच खरे कौतुक वाटले. मी पाऊल खाली नेले. फरशी थंड होती. एवढेच आठवते, फरशी थंड होती आणि ती माझ्या पायाला कळली. चार पावले गेलो आणि परत आलो. शेजारचा म्हातारा कुशीवर वळून सगळे पाहत होता. "बरा हायेस," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी घरी आलो, आणि तिथून पुढे खरी परीक्षा. ऑपरेशन दुसरे लोक करतात. घरचे दिवस आपले आपल्याला काढावे लागतात. पाय दोन उशांवर. खाली सोडला की घोटा सुजून वांग्यासारखा जांभळा होई. तासातासाला पाऊल वरखाली करायचे. भेटायला येणारा प्रत्येकजण स्वतःचा एक मोडका पाय बरोबर घेऊन येई, नसलाच तर मेव्हण्याचा. एक गृहस्थ वाजपेयींचे सांगून गेले. डॉक्टर रानावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात २००० साली त्यांचा डावा गुडघा बदलला आणि २००१ साली उजवा, हे अगदी खरे. पण माझा गुडघा जागेवरच होता. त्या गृहस्थांच्या मते हा तपशिलाचा भाग. आणलेल्या डिंकाच्या लाडवांचे दोन डबे झाले. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने इकडेतिकडे पाहून कानात 'पायाचे सूप' असा मंत्र दिला. सौभाग्यवतींनी तो ऐकला. त्या सहकाऱ्याला चहा बिनसाखरेचा मिळाला.

दिवसा हे चाले. रात्री मात्र कोणालाही हाक मारायची लाज वाटे. सौभाग्यवती दिवसभर दमून झोपलेल्या, मुलीची शाळा. लघवीचे भांडे खाटेखाली असे, पण तिथवर हात पोचत नसे. पहिल्या रात्री मी तसाच कळ काढून पडलो होतो. अंधारात टप्, धप्, टप्, धप् असा आवाज जवळ आला. अण्णांनी भांडे दिले, नेले, धुऊन जागेवर ठेवले. दुसऱ्या रात्रीही तसेच. मी एकदा म्हटले, "अण्णा, तुम्ही कशाला उठता?" तर म्हणाले, "तुझी आई उठायची ना माझ्यासाठी. तीन महिने." आई जाऊन नऊ वर्षे झाली.

सहा आठवड्यांनी नवा एक्स-रे काढला. मोडल्या जागी धुक्यासारखे सांधण दिसू लागले होते. डॉक्टर खूष झाले. त्याच आठवड्यात प्राचार्यांचा निरोप आला, की विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकाचे प्रकाशन माझ्या हस्ते व्हावे अशी मुलांची इच्छा आहे, गाडी पाठवतो. मी नाही म्हणून कळवले. वॉकरने टकटक करीत त्या लांबलचक व्हरांड्यातून, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मुलांमधून जायचे? मी सौभाग्यवतींना दहा कारणे सांगितली. अण्णा झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र खाली न करताच म्हणाले :

"गर्दी असते. उभं राहावं लागतं."

पंखा फिरत होता. सौभाग्यवतींना यात ऐकण्यासारखे काही वाटले नाही, त्या म्हणाल्या, "खुर्ची देतील की." मी अण्णांकडे पाहिले. वर्तमानपत्र आडवे होते. ते पान त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचले. मी "अण्णा" म्हणालो आणि पुढे काय म्हणायचे ते मला सुचले नाही. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाची ही गत. शेवटी विचारले, "तुम्ही येता माझ्याबरोबर?"

"बघू," अण्णा म्हणाले. आणि त्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत इस्त्रीचे धोतर नेसून तयार होऊन बसले.

व्हरांडा मला वाटला होता त्यापेक्षाही लांब निघाला. माझ्या वॉकरचा टक्, त्यांच्या चपलेचा धप्. मुले बाजूला झाली. एकदोघे हसले असतील, मी पाहिले नाही. अण्णा पहिल्या रांगेत बसले, तीन भाषणे ऐकली, त्यांतले एक माझे. परत येताना गाडीत म्हणाले, "शेवट लांबवतोस तू. पूर्वी बरं बोलायचास, म्हणे."

हे लिहितो आहे तेव्हा वॉकर सुटून काठी आली आहे. शेजारच्या खाटेवरल्या म्हाताऱ्याची बातमी त्याच्या वाडीतल्या पोराकडून कळली : तो अजून खालीच, पायथ्याच्या गावात लेकीकडे आहे, चढू दिलेले नाही.

अण्णांनी मधल्या काळात पाथरवटाला बोलावून ओट्याच्या दोन्ही पायऱ्यांना टाकीचे घाव घालून घेतले. पायरी आता खरखरीत झाली आहे, पाय घसरायचा नाही. सौभाग्यवतींची मात्र तक्रार आहे, की असल्या दगडावर रांगोळीची रेघ धड उमटत नाही आणि यंदा वसुबारसेला गाईची पावले काढायची तरी कुठे. अण्णा म्हणतात, अंगणात काढ. त्या म्हणतात, पायरीवरच काढायची असतात. यावर घरात अजून निर्णय झालेला नाही.